फिजिओ लावूनही गुडघा, कंबर, खांदा दुखतोयच? मग व्यायामाचा क्रम एकदा तपासा

"दहा दिवस शेक घेतला, बरं वाटलं, बंद केला की परत सुरू." हे वाक्य ऐकलं नाही असा एक आठवडा जात नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यातच काम करते, आणि या लोकांना मी पुढचा प्रश्न विचारते की व्यायाम कोणते करत होतात, तर उत्तर येतं "तो कागद दिला होता बहुतेक". म्हणजे मशीन लावून घेतलं, बिल भरलं, आणि जे खरं औषध होतं ते कागदावरच राहिलं. दुसरे असतात ते यूट्यूब बघून पहिल्याच दिवशी वीस प्रकार करणारे, त्यांचा गुडघा तिसऱ्या दिवशी सुजतो आणि मग फिजिओथेरपीच वाईट ठरते.

तर खाली क्रमाने लिहितेय. गुडघ्याचं सगळ्यात सविस्तर घेतलंय कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो आणि तिथले नियम बाकी सांध्यांनाही बऱ्यापैकी लागू पडतात. कंबर, खांदा, मान यांचं जे वेगळं आहे ते नंतर येईल. हा लेख तपासणीच्या ऐवजी नाहीये, तपासून आल्यावर घरी काय करायचं त्यासाठी आहे.

१. आधी बघा, हे दुखणं व्यायामाचं आहे ना?

काही दुखणी आमच्याकडे यायचीच नसतात, निदान आधी तरी. यातलं काही असेल तर व्यायाम राहू द्या, डॉक्टर गाठा:

- कंबर दुखतेय आणि सोबत लघवी अडकतेय किंवा झालेली कळत नाहीये, बसायच्या जागेभोवती बधीर लागतंय, दोन्ही पायांतली ताकद जातेय. त्याच दिवशी, रात्री दोन वाजले असले तरी, हॉस्पिटलची इमर्जन्सी. सकाळ होऊ दे असं म्हणायचं नाही.
- एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागतेय, दाबली की दुखतेय, त्यातून नुकतंच ऑपरेशन किंवा लांबचा प्रवास झालाय. रक्ताची गुठळी असू शकते. चोळायचं तर अजिबात नाही.
- सांधा लाल, गरम आणि अंगात ताप.
- पडल्यावर पायावर वजनच टाकता येत नाहीये.
- रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, कूस बदलूनही कमी न होणारं, आणि त्यात वजन उतरतंय किंवा आधी कधी कॅन्सर होऊन गेलाय.
- डावा खांदा, हात किंवा जबडा जिना चढताना भरून येतो आणि थांबलं की बरं वाटतं, सोबत घाम किंवा दम. हा खांदा नाही, हे हृदयाचं असू शकतं. आणि थांबूनही कमी होत नसेल तर वाट न बघता थेट इमर्जन्सी.

शेवटचा मुद्दा मुद्दाम घातलाय. "फ्रोझन शोल्डर (आखडलेला खांदा) झालाय वाटतं" म्हणून आलेल्या माणसाला उलट पावली ईसीजीला पाठवायची वेळ येते.

२. पहिल्या भेटीची तयारी

एमआरआयची भली मोठी पिशवी सगळे आणतात, सैल चड्डी कोणीच आणत नाही. गुडघा दिसल्याशिवाय तपासणार कसा? टाइट जीन्स वर सरकत नाही, साडीत पाय नीट उचलता येत नाही. गुडघा-कंबरेसाठी शॉर्ट्स किंवा सैल पायजमा, खांदा-मानेसाठी बिनबाह्यांचा किंवा सैल बाह्यांचा टॉप. रोजची चप्पल घालूनच या, नवे बूट घालून नको, कारण तळ कुठल्या बाजूने झिजलाय त्यावरून चालण्याबद्दल बरंच कळतं.

औषधांची यादी आणा. रक्त पातळ करायची गोळी, बीपी, शुगर, हे तर सांगाच. पेसमेकर असेल, शरीरात कुठे रॉड-प्लेट असेल, प्रेग्नन्सी असेल तर दारातच सांगा, काही मशीन अशा वेळी लावता येत नाहीत.

आणि एक ध्येय ठरवून या. "दुखणं कमी व्हावं" एवढ्यावर मला व्यायाम ठरवता येत नाही. "पीएमपीच्या बसची पायरी कोणाचा हात न धरता चढायचीय", "मंडईतून दोन्ही हातात पिशव्या घेऊन यायचंय", "पर्वतीच्या पायऱ्या एका दमात", "नातवाला जमिनीवरून उचलायचंय", असं सांगा. बसची पायरी घरातल्या जिन्यापेक्षा उंच असते, म्हणजे शेवटी त्या उंचीपर्यंत पायाला तयार करावं लागणार, हे मला पहिल्या दिवशी कळलं तर त्या हिशोबाने आखता येतं.

रिपोर्टबद्दल थोडं. "गॅप कमी झालीय", म्हणजे सांध्यातल्या हाडांमधलं अंतर, हे एक्सरेवर बघून लोक हाय खातात. पन्नाशीनंतर बऱ्याच जणांच्या एक्सरेत काही ना काही झीज दिसते, आणि एक्सरे जितका वाईट तितकं दुखणं जास्त असा सरळ हिशोब नसतो. मणक्याच्या एमआरआयचंही तेच, ज्यांची कंबर कधी दुखली नाही अशांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधली गादी बाहेर आलेली सापडते. तेव्हा फिल्मपेक्षा तुम्ही उठता-बसता-चालता कसे ते बघणारा फिजिओ चांगला समजा. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी असावी लागते, तो नंबर विचारायला लाजू नका. घरी येणाऱ्यांना तर नक्कीच विचारा.

चेक: निघण्यापूर्वी ही चार उत्तरं मिळाली का? मला नेमकं काय झालंय, साध्या मराठीत. घरी कोणते व्यायाम, किती वेळा. करताना किती दुखलेलं चालेल. पुढचा बदल कधी. शिवाय तुम्ही व्यायाम करतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून घ्या, फिजिओचा नाही, तुमचा. घरी गेल्यावर "पाय असा होता की तसा" हा वाद तिथेच मिटतो.

३. मशीनकडून किती अपेक्षा ठेवायची

टेन्स, आयएफटी, अल्ट्रासाउंड, शॉर्टवेव्ह, ही फिजिओकडे दुखण्यावर लावतात त्या विजेच्या मशीनची नावं. यांनी झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातलं हाडांवरचं गुळगुळीत आवरण, परत येत नाही, स्नायू तयार होत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी नाइस नावाची संस्था आहे, तिने २०२२ मध्ये ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी, म्हणजे सांध्यांच्या झिजेसाठी, या विजेच्या मशीन देऊच नका असं म्हटलं आणि व्यायाम मात्र प्रत्येकाला द्या असं सांगितलं. माझं मत थोडं मऊ आहे. फार दुखत असताना मशीनने तासभर आराम पडत असेल तर तो तास व्यायामाला वापरा, मला त्यात वावगं वाटत नाही. पण होतं उलटंच, मशीन लावून माणूस आरामात घरी जातो आणि तो तास स्कूटरवर सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये जातो.

म्हणून क्रम असा: शेक किंवा मशीन आधी, व्यायाम लगेच नंतर. नुसतं मशीन लावून महिनाभर रोज बोलावत असतील आणि व्यायामाचं नावच नसेल तर दुसरा फिजिओ बघा, स्पष्टच सांगते.

घरच्या शेकाचं: जुन्या आखडलेल्या दुखण्याला गरम, १५ ते २० मिनिटं, पिशवी टॉवेलात गुंडाळून. ताजी लचक, मुरगळा, सूज असेल तर पहिले दोन-तीन दिवस गरम शेक नाही आणि मालिश तर नाहीच, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं चालेल.

सावधान: शुगर असलेल्यांच्या पायांची संवेदना बऱ्याचदा कमी झालेली असते, चटका बसलेला कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी फोड दिसतो. पाणी किती गरम आहे ते घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाताने बघायचं.

४. जागा आणि सामान

फार काही लागत नाही. एक टॉवेल, एक उशी, चाकं नसलेली पक्की खुर्ची, थोडे तांदूळ आणि एक लांब मोजा. मोज्यात अर्धा किलो तांदूळ भरून गाठ मारली की घोट्याला बांधायचं वजन तयार, विकत आणायची गरज नाही.

मऊ गादीवर व्यायाम नको, कंबर खाली जाते. दिवाण किंवा सतरंजी. जमिनीवर बसून उठता येत नसेल तर दिवाणच, जमिनीवर उतरायचा पराक्रम पहिल्या दिवशी नको. प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर उठता-बसता ती मागे सरकते. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभं राहायचं नाही, अनवाणी किंवा बूट.

वेळ सकाळच्या चहानंतर थोड्या वेळाने किंवा संध्याकाळी. उठल्या उठल्या गुडघे आखडलेले असतात, थोडं घरात फिरा, गरम पाण्याने अंघोळ झाली तर अजून चांगलं. जेवल्यावर लगेच नको.

५. गुडघा: आधी मोजा, मग सुरू करा

पहिल्या दिवशी एक टेस्ट करा. खुर्चीत बसा, हात छातीवर घडी, घरातल्या कोणालातरी घड्याळ धरायला सांगा आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून परत किती वेळा बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयात बायकांचा आकडा १२ पेक्षा आणि पुरुषांचा १४ पेक्षा कमी आला तर पायातली ताकद कमी समजतात. हाताचा आधार घ्यावाच लागला तर आकडा शून्य लिहायचा, फसवायचं नाही. घरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा.

पहिले दोन आठवडे

*टाच सरकवणं.* आडवं पडून टाच हळूहळू नितंबाकडे सरकवायची, जिथे ताण येईल तिथे थांबून परत. १० वेळा. हे वंगण आहे, ताकद यातून येत नाही.

*टॉवेल दाबणं.* पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी. गुडघ्याने ती खाली दाबायची, मांडीचा वरचा स्नायू घट्ट झाला पाहिजे. पाच ते दहा आकडे धरून सोडायचं, १० वेळा. हात लावून बघा, मांडी दगडासारखी झाली नाही तर तुम्ही नुसती टाच दाबताय.

*सरळ पाय उचलणं.* यात जवळजवळ सगळेच चुकतात म्हणून सावकाश लिहिते. पाठीवर झोपा. जो पाय उचलायचा नाहीये तो गुडघ्यात वाकवून तळवा टेकवा, याने कंबर सपाट राहते. आता दुखऱ्या पायाचा पंजा स्वतःकडे ओढा, मांडी घट्ट करा, गुडघा पूर्ण सरळ झाला याची खात्री करा, आणि मग उचला. हा क्रम महत्त्वाचा, आधी घट्ट आणि मग उचलणं. किती वर? दुसऱ्या पायाच्या वाकवलेल्या गुडघ्याच्या उंचीच्या थोडं खालपर्यंतच. पाच आकडे धरा. आता खाली आणायला अजून तीन-चार आकडे घ्या, धपकन सोडायचा नाही, अर्धा फायदा तर खाली आणतानाच असतो. सुरुवातीला ८-१० वेळा. लोक काय करतात, पाय झोकात छताकडे नेतात, तिथून खाली आपटतात, आणि म्हणतात पन्नास केले. त्यात मांडीला काही काम नाही, कंबर मात्र ओढली जाते.

उचलताना गुडघा थोडासा वाकत असेल तर या व्यायामाला अजून वेळ आहे, टॉवेल दाबणंच आठवडाभर जास्त करा.

सावधान: श्वास रोखून धरायचा नाही, बीपी असलेल्यांनी तर नाहीच. सोपा उपाय म्हणजे आकडे मोठ्याने मोजा. बोलताना श्वास रोखला जात नाही. घरचे हसतील, हसू द्या.

तिसऱ्या आठवड्यापासून

वरचे चालू ठेवून हे जोडा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर उचलणं, याने खुब्याच्या बाजूचे स्नायू तयार होतात, गुडघा डुगडुगतो तो बऱ्याचदा खुबा कमजोर असल्यामुळे. पंजा छताकडे फिरवायचा नाही, समोर ठेवायचा.

मग खुर्चीतून उठ-बस. हा सगळ्यात उपयोगी व्यायाम, कारण दिवसभर आपण हेच करतो. खुर्ची बुटकी वाटली तर वर उशी ठेवून उंची वाढवा. दोन पायांत खांद्याएवढं अंतर, पावलं थोडी मागे, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईल इतकं पुढे झुकून उठा. गुडघे एकमेकांकडे पडू देऊ नका. बसताना तीन आकडे घेऊन हळू बसा. ८ वेळा, थोडं थांबून परत ८. जमायला लागलं की उशी काढा.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून

पायरी चढणं. जिन्याची सगळ्यात खालची पायरी, कठडा धरून, दुखरा पाय वर ठेवून त्याच पायावर जोर देत वर या, खालच्या पायाने उडी घेऊन नाही. पेठेतल्या जुन्या वाड्यांचे जिने या व्यायामाला नकोत, पायरी उंच आणि अरुंद असते, सोसायटीचा जिना बरा. नंतर ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहणं, दहा आकड्यांपासून सुरू. डाळ शिजेपर्यंत होऊन जातं.

शेवटी पोटरीचा ताण, भिंतीला हात टेकून, मागची टाच जमिनीवर, २०-३० आकडे, हिसके न देता.

चेक: दुखतं म्हणून झोपताना गुडघ्याखाली उशी घेताय का? लगेच बरं वाटतं पण गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि सरळ व्हायचं विसरतो. गुडघा बदलायचं ऑपरेशन झालेल्यांनी तर ही उशी अजिबात घ्यायची नाही, त्यांना वाकवण्याइतकंच पूर्ण सरळ करण्यावरही लक्ष द्यायचं असतं. उशी घ्यायचीच तर टाचेखाली.

६. किती दुखलेलं चालतं, आणि वाढवायचं कधी

"दुखलं की बंद" आणि "दुखलं तरच फायदा", दोन्ही चूक. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर व्यायाम करताना तीन-चारपर्यंत चालतं, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर यायला हवं. सकाळी जास्त दुखतंय किंवा सूज आलीय तर काल जास्त झालं, आज निम्मं करा. निम्मं, बंद नाही. मांडीचा स्नायू भरून येणं वेगळं, ते एक-दोन दिवस राहतं आणि ते चांगलंच. सांध्याच्या आत टोचणारं वेगळं.

वाढवायचं ते एका वेळी एकच. आधी किती वेळा करता तो आकडा १५ पर्यंत न्या, मग सेट (थांबून परत करायच्या फेऱ्या) दोनाचे तीन, मग तांदळाचा मोजा बांधून आकडा परत ८-१० वर. तिन्ही एकदम वाढवले आणि दुखलं तर कशाने दुखलं ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही. वजन बांधायला लागलात की ते व्यायाम एक दिवसाआड.

कालनिर्णयवर रोज खूण करा. मी पेशंटला पान फाडून आणायला सांगते, कारण "रोज करते हो मॅडम" आणि खुणा यांचा मेळ क्वचितच बसतो.

सोबतचं चालणं सपाटीवर. हनुमान टेकडी किंवा तळजाईची चढण दोन महिन्यांनी बघू, चढताना दम लागतो पण गुडघ्याला खरा त्रास उतरताना होतो. काठी घ्यायची असेल तर दुखऱ्या गुडघ्याच्या *विरुद्ध* हातात, दहातले आठ जण त्याच बाजूला धरताना दिसतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. आणि वजनाचा विषय टाळता येत नाही, एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो, हे मोजून बघितलेलं आहे.

मांडी घालून बसणं कायमचं सोडा असं मी सरसकट सांगत नाही. दुखणं भरात असताना पूजेला, जेवायला चौरंग-खुर्ची घ्या, कमोड वापरा. ताकद आल्यावर थोडा वेळ बसून उठता येत असेल तर बसा की.

७. कंबर, खांदा, मान: इथे काय वेगळं

कंबर. उसण भरली की आठवडाभर आडवं पडायचं हा सल्ला अजून घरोघरी चालतो. एक-दोन दिवस पुरे, त्यापुढे पडून राहिलात तर बरं व्हायला उशीर होतो. घरात फिरा, दर अर्ध्या तासाने उठा. गादी सरकून पायात कळ जात असेल तर एक खूण लक्षात ठेवा: व्यायामाने कळ पोटरीतून मांडीत आणि मांडीतून कंबरेकडे वर सरकतेय, भले कंबर थोडी जास्त दुखू दे, तर दिशा बरोबर आहे. कळ खाली पावलाकडे जायला लागली की तो व्यायाम बंद. पोटावर झोपून छाती वर उचलायचा व्यायाम व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना सगळे पाठवतात, पण साठीच्या पुढच्या ज्यांना चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकलं किंवा बसलं की बरं वाटतं, त्यांना तोच व्यायाम त्रास देतो. तेव्हा शेजारच्या काकांचा व्यायाम उसना घेऊ नका. बहुतेकांची ही पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरते. पट्टा प्रवासापुरता, दिवसभर नको.

ढोल पथकातल्या मुलामुलींसाठी वेगळं सांगते, कारण सराव सुरू झाला की कंबरेचे पेशंट वाढतात. वर्षभर लॅपटॉपसमोर बसून एकदम कंबरेला ढोल बांधून दोन-तीन तास उभं राहायचं, हे कंबरेला झेपत नाही. सरावाच्या दीड-दोन महिने आधी पाठीवर झोपून कंबर उचलणं, कोपरांवर प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं), उठ-बस सुरू करा, ढोल पहिल्या आठवड्यात थोडाच वेळ बांधा, आणि मध्ये सोडून कंबर मागे-पुढे मोकळी करा. विसर्जनाच्या आदल्या दिवशी येऊन "फक्त उद्यापुरतं काहीतरी करा" म्हणणाऱ्यांना माझ्याकडे काही नसतं.

खांदा. फ्रोझन शोल्डर शुगरवाल्यांत जास्त दिसतो. पहिले काही महिने नुसतं दुखतं, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, मग दुखणं कमी होऊन हात आखडतो, मग हळूहळू सुटतो, पूर्ण प्रवास एक ते तीन वर्षांचा असू शकतो. सगळ्यात मोठी चूक पहिल्या भागात होते, कोणीतरी हात धरून जोर लावून वर नेतो, पेशंट ओरडतो आणि त्याला उपचार म्हणतात. दुखणं भरात असताना फक्त पुढे वाकून हात लोंबता सोडून हलके झोके आणि टेबलावर फडकं ठेवून हात पुढे सरकवणं. दुखणं ओसरल्यावर काठी दोन्ही हातात आडवी धरून, कोपर अंगाला चिकटवून, चांगल्या हाताने दुखरा हात बाहेरच्या बाजूला ढकलायचा. पाठीमागे टॉवेल धरून ओढायचा प्रकार सगळ्यात शेवटी. आणि शुगर आटोक्यात ठेवा.

मान. कॉलर महिनोन्‌महिने घालणं बंद करा, मानेचे स्नायू अजून ढिले पडतात. हनुवटी आत ओढून पाच आकडे, दिवसात तीन-चार वेळा, खाली बघायचं नाही, डोकं सरळ मागे न्यायचं. खांद्याची पाती मागे जोडणं. लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तकं आणि वेगळा कीबोर्ड. हिंजवडीला दुचाकीवर जाणाऱ्यांनी पाठीवरची जड सॅक पुढे पाय ठेवायच्या जागी नाहीतर डिकीत टाका. हातातून वस्तू पडायला लागल्या, शर्टाची बटणं लावता येईनात किंवा चालताना तोल जायला लागला तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर.

टाच. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना कळ येत असेल तर पलंगावरून उतरायच्या आधीच टॉवेलने पंजा स्वतःकडे ओढून पोटरी ताणा, घरात मऊ चप्पल, अनवाणी नको. एवढं नेमाने करा, काही आठवडे लागतात.

८. दुखणं थांबलं, आता?

इथेच बहुतेक जण सोडतात. दुखणं दोन-तीन आठवड्यांत कमी होऊ शकतं, पण स्नायूत खरी ताकद यायला सहा ते आठ आठवडे, कधी बारा लागतात. मधल्या काळात बरं वाटतंय म्हणून सिंहगड चढून आले आणि सोमवारी क्लिनिकच्या दारात, हे ठरलेलं.

बाराव्या आठवड्याला खुर्चीची टेस्ट परत करा. आकडा वाढला असेल तर व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर आणा, पण उठ-बस आणि सरळ पाय उचलणं सोडू नका. चार-सहा आठवडे नीट करूनही आकडा, दुखणं, चालणं यातलं काहीच हललं नसेल तर तोच कागद रेटत बसू नका, फिजिओकडून व्यायाम बदलून घ्या.

मधूनच दुखणं उसळणारच, लग्नाची धावपळ, लांबचा प्रवास, गणपतीत उभं राहणं, काहीतरी निमित्त होतं. तेव्हा असं करा: दोन दिवस वजनाचे आणि पायरीचे व्यायाम बाजूला, टाच सरकवणं आणि टॉवेल दाबणं चालू, घरातल्या घरात चालणं चालू. तिसऱ्या दिवशी मूळ व्यायामाच्या निम्म्याने सुरू, आठवड्याभरात परत पूर्ण. दोन आठवडे झाले तरी उतरत नाहीये, किंवा आधी नव्हती अशी सूज, बधीरपणा, अशक्तपणा यातलं काही नवीन दिसतंय, तर वरचा मुद्दा १ परत वाचा आणि तपासून घ्या.